हलका रेडिओ

रेडिओ हलका लागला. एवढंच झालं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तेव्हा जीव जसा क्षणभर खाली जातो, तसा माझा हात उगाच वर गेला. हातानं वजन धरलं होतं आणि वजन नव्हतं. चाळीस वर्षं मी रेडिओ उचलतोय. लाकडी पेटीचा, तीन बँडचा, पाच इंची स्पीकरचा सेट किती भरतो हे माझ्या मनगटाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी पेटी कानाशी नेऊन हलवली. आत एक सुटा स्क्रू इकडून तिकडे घरंगळला आणि थांबला. मागच्या बाजूला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी होती. अक्षर माझंच. ‘सयाजी, अवसरी बुद्रुक. बँड स्विच खराब.’ खाली तारीख, जुलै एक्याण्णव. सकाळचे दहा वाजले होते आणि दुपारी चार वाजता सयाजीची बायको साळुबाई याच रेडिओचं बघायला येणार होती.

तिच्या नातीचा, श्रेयाचा, काल फोन आला होता. “काका, आजी म्हणतीये, तुमचं दुकान बंद व्हायच्या आत एकदा यायचंय. रेडिओचं बघायचंय.” मी म्हटलं, या की. म्हणताना वाटलं होतं, बँड स्विच तर खराब आहे, रात्रीतून बसवून टाकू. बत्तीस वर्षं जे काम झालं नाही ते एका रात्रीत करायची माझी जुनी खोड. रात्री अर्थातच झोपलो. सयाजी जाऊन वर्ष झालं. तो असेतोवर दर बाजाराच्या दिवशी मंचरला यायचा, भाजीची पिशवी दाराशी टेकवायचा, या स्टुलावर बसून चहा प्यायचा, आणि उठताना मी म्हणायचो, “पुढच्या बाजारी देतो रे तुझा रेडिओ.” तो म्हणायचा, “घाई न्हाई भूषण, सावकाश कर.” लोक मला मिस्तरी म्हणतात, आई जानकाबाई बुद्धा म्हणायची, पूर्ण बुद्धभूषण फक्त शाळेच्या दाखल्यावर. भूषण म्हणणारा तो एकटाच होता. त्याच्या ‘सावकाश कर’चा मी शब्दशः अर्थ घेतला. आणि आता पेटी उघडून बघतो तर आत स्पीकर नाही, स्टेशन लावताना फिरते ती गँग नाही, कॉइल नाही, काही म्हणजे काही नाही. पुसून घेतलेल्या डब्यासारखं लख्ख लाकूड, तळाला एक वाळका कोळी आणि तो स्क्रू.

आज गाळा रिकामा करायचा आहे. ही इमारत पाडून नवी बांधणार आहेत, संध्याकाळी पाच वाजता भंगारवाला भरत टेम्पो घेऊन येईल आणि जे देईन ते नेईल. माझी मुलगी स्वप्ना मोशीला राहते. तिनं सांगितलंय, “पप्पा, तुमच्यासाठी एक कपाट मोकळं केलंय. एक. त्यात मावेल तेवढंच आणायचं.” तिचं बरोबर आहे. तिचा फ्लॅट मी पाहिलाय, तिथे भिंतीसुद्धा मोजून घेतल्यासारख्या आहेत. पण एका कपाटात माणसानं काय काय घालावं? या गाळ्यात एक्केचाळीस रेडिओ आहेत, लोकांनी दुरुस्तीला दिलेले आणि परत न नेलेले. कुणी टीव्ही घेतला, कुणी मोबाईल, कुणी मेलं. माझ्या जिवाला लागून राहिलेला तर आहे वरच्या फळीवरचा मोठा सेट. तो मी चौऱ्याऐंशी साली बांधायला घेतला, आयटीआय करून आल्यावर. जगात कुठेही कुणीही काहीही बोललं तरी धरेल असा सेट मला करायचा होता. एक पाट घेतला, त्यावर सांगाडा ठोकला, तारांचं जाळं विणलं, आणि दुकान चालायला लागलं तसा तो मागे सरकत सरकत फळीवर गेला. दर दिवाळीला खाली काढायचो, धूळ पुसायचो, थोडा वेळ टक लावून बघायचो आणि परत वर ठेवायचो. ज्याला स्वतःचा एक सेट धड पुरा करता आला नाही तो तालुक्याचे रेडिओ बोलते करत बसला. लोकाच्या लग्नात मांडव घालणारा स्वतः बिनलग्नाचा राहतो, त्यातली गत.

पण मला अस्वस्थ करत होता तो मोठा सेट नव्हे, ही रिकामी पेटी. मी चोर नाही. म्हणजे असं मी चाळीस वर्षं समजत आलो. दुकानाची एक रीत होती, ती मी माझ्या उस्तादाकडून घेतली होती. पुण्याहून पार्ट यायला आठ-आठ दिवस लागायचे. एखादं गिऱ्हाईक अडलेलं असायचं, तर कोपऱ्यात पडून असलेल्या दुसऱ्याच्या रेडिओतला पार्ट काढून त्याला लावायचा, आणि ज्याचा काढला त्याच्या चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवायचं: कुठला पार्ट, कुणाला, किती दिवस. आम्ही त्याला उसनं म्हणायचो. दिवस नेहमी दोनच लिहायचे. दोन दिवसांत कधी काही परत येत नसे, पण दोन लिहिलं की मन स्वच्छ राहायचं. मी सयाजीची चिठ्ठी उलटी केली. ‘गँग, निरगुडसर, गुरुजी, दोन दिवस.’ ‘कॉइल, निमगाव सावा, सावळेराम, दोन दिवस.’ ‘व्हॉल्यूम कंट्रोल, सोनीबाई, दोन दिवस.’ शाईचे रंग वेगळे, साल वेगळी. माझ्याच अक्षरानं एकेक अवयव हळूहळू उठून निघून गेला होता आणि मला पत्ता नव्हता. मी बाकीच्या चिठ्ठ्या उलट्या करायला लागलो. सगळ्यांच्या मागे तेच. याची कॉइल त्याच्यात, त्याचा स्विच हिच्यात, हिचा स्पीकर तिसऱ्याच गावात. एक्केचाळीस पेट्या, आणि एकीचंही स्वतःचं सगळं स्वतःजवळ नव्हतं.

खाली बसलो. घाबरून बसलो असं वाटलं होतं, पण बसल्यावर कळलं की ती नुसती भीती नव्हती. भीतीच्या खाली दुसरंच काही होतं. मला एकदम सावळेरामचं शेत दिसलं. निमगाव साव्याला, उसाच्या कडेला त्याचं छप्पर. तिकडे बिबट्याचा फार वावर, म्हणून तो छपराच्या आढ्याला रेडिओ टांगायचा आणि सगळे झोपले तरी तो बोलत राहायचा, माणसं जागी आहेत असं जनावराला वाटावं म्हणून. वर्षानुवर्षं तो रेडिओ बोलला. सावळेरामची तीन पोरं त्या आवाजाखाली झोपून मोठी झाली. आणि हवेतून तो आवाज उचलत होती सयाजीची कॉइल. अवसरीतल्या एका माणसाच्या पेटीतली बोटभर तांब्याची तार निमगाव साव्यात राखणीला बसली होती, आणि हे सयाजीला माहीत नव्हतं, सावळेरामला माहीत नव्हतं, आणि करणारा मी, मीही विसरून गेलो होतो. निरगुडसरच्या गुरुजींनी मरेपर्यंत क्रिकेट ऐकलं ते सयाजीच्या गँगवर. सगळा तालुका एकमेकांच्या पोटात शिरून बोलत होता. एवढं मोठं काहीतरी माझ्या हातून झालं होतं आणि मी मात्र फळीवरच्या त्या अर्धवट सेटसाठी आयुष्यभर हळहळत राहिलो. अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, अभिमानाचा नव्हता. देवळाबिवळात मी जात नाही, पण तिथे जाणाऱ्यांना जे होत असेल ते हेच असावं.

मग पुन्हा सयाजीची चिठ्ठी पाहिली आणि तो काटा तसाच थंड पडला. तिच्यावर स्पीकरचा उल्लेख नव्हता. गँग लिहिली होती, कॉइल लिहिली होती, स्पीकर कुठे गेला ते लिहिलं नव्हतं. चाळीस वर्षांत न लिहिता मी काही काढलं नव्हतं. मग हा एक कसा गेला? आठवून आठवून डोकं शिणलं. आठवणीचंही रेडिओसारखंच, जरा जास्त पिळलं की स्टेशन निसटतं. दुकानातला रेडिओ आपला चालू होता. तो नेहमीच चालू असतो. फळीवरचा, माझ्या वडिलांचा, म्हणजे भागुजीदादांचा. ते गेल्यावर त्यांच्या उशापासून उचलून इथे आणला, तेव्हापासून सकाळी दुकान उघडलं की आधी तो लावायचा आणि मग झाडू मारायचा. दुपारचं गाणं लागलं होतं. त्यात डग्ग्यावर एक जोराची थाप पडली आणि तिच्या मागोमाग ती नेहमीची बारीक झर्र आली. खालचा सूर लागला की त्या रेडिओत अशी झर्र यायची. मी कधी दुरुस्त केली नाही. दादांच्या घशातही शेवटी अशीच घरघर असायची, म्हणून ती मला त्यांचीच वाटायची. पण आज माझ्या मांडीवर ती रिकामी पेटी होती, आणि कानानं दोन गोष्टी आपोआप जोडल्या. ही झर्र मी दादांच्या रेडिओच्या कितीतरी आधी ऐकली होती.

सयाजीच्या घराची ती दगडी भिंत होती, छातीएवढी, गोठ्याच्या बाजूला. सत्तर-एकाहत्तर साल असेल. गावात दोन रेडिओ, त्यातला एक सयाजीच्या वडिलांकडे. संध्याकाळी बातम्यांना ओट्यावर दहा-वीस माणसं बसायची. आम्ही भिंतीच्या बाहेर. कुणी आम्हाला बाहेर थांबा असं म्हणत नव्हतं, कारण तसं म्हणायची कुणाला गरजच नव्हती. दादा हातात दावं घ्यायचे आणि त्याची गाठ सोडवत असल्यासारखं करायचे, म्हणजे उगाच उभे आहेत असं दिसू नये. एक गाठ सोडवायला त्यांना अख्ख्या बातम्या लागायच्या. “जगात काय चाललंय ते कळाया पायजे, बुद्धा,” असं घरी जाताना मला म्हणायचे. एकदा सयाजीनं, तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा, बातम्या देणारी बाई आत कुठे बसली आहे ते बघायला रेडिओच्या कापडातून पेन्सिल खुपसली. मार खाल्ला. मग त्यानंच वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा तुकडा बाभळीच्या डिंकानं आत चिकटवला, आणि तेव्हापासून त्या रेडिओत ती झर्र आली. त्या दिवसापासूनच की काय, सयाजीनं आणखी एक गोष्ट सुरू केली. बातम्या लागायच्या आधी तो उठायचा आणि रेडिओचं तोंड भिंतीकडे वळवायचा. ओट्यावरची माणसं म्हणायची, “आरं, इकडं कर की त्वांड.” तो म्हणायचा, “तिकडून वारं येतंय, खरखर कमी व्हती.” वाऱ्याचा आणि खरखरीचा काडीचा संबंध नाही. मी पुढे हाच धंदा शिकलो, म्हणून खात्रीनं सांगतो. दादांना ते तेव्हाच कळलं असणार. ते दाव्याकडे बघत राहायचे आणि कान मात्र उघडे ठेवायचे.

मी दादांचा रेडिओ बंद केला. मागचं झाकण काढलं. स्पीकरच्या कागदी पडद्यावर पुठ्ठ्याचा तुकडा होता, डिंक काळा पडलेला. वहीच्या मागे पाढे छापलेले असतात ना, ते. भिंग न लावता वाचता आलं: सतरा चोक अडुसष्ट. मग सगळं एकदम परत आलं, स्टेशन सापडावं तसं. एक्याण्णवचा जुलै. दादा मंचरला माझ्या खोलीवर, पोटात गाठ, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलेलं. त्यांच्या रेडिओचा स्पीकर जळला. पुण्याला निरोप दिला, पार्ट येईना. दादा बोलत नव्हते, फक्त बोटानं बटण फिरवल्यासारखं करायचे. सयाजीच्या ओट्यावरचा तोच रेडिओ त्याच आठवड्यात बँड स्विचसाठी आलेला होता. मी त्याचा स्पीकर काढून दादांच्या रेडिओला लावला. दोन दिवसांसाठी. चिठ्ठीवर लिहायला पेन काढलं होतं, हे आता मला स्पष्ट आठवतंय. पार्टचं नाव लिहायचं, मग कुणाला ते लिहायचं. तिथे मी दादांचं नाव लिहू शकलो नाही. ज्या माणसानं त्या घराची भिंत कधी ओलांडली नाही, त्याचं नाव उसनं नेणाऱ्यांत कसं लिहायचं? पेन खिशात ठेवलं. दादा नऊ दिवस ऐकत होते. भिंतीपलीकडचा आवाज उशाशी आला होता हे त्यांनी ओळखलं की नाही, ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा झर्र आली तेव्हा ते हसले होते. मला वाटलं होतं, ग्लानीत हसतायत.

दीड वाजला होता. माझ्या मनात एक सोपा उपाय आला आणि आला तो पक्का होऊनच आला. दादांच्या रेडिओचं सगळं आतलं काढायचं आणि सयाजीच्या पेटीत बसवायचं. अडीच तासांत सहज होतं. साळुबाई आली की बटण फिरवून दाखवायचं, घ्या वहिनी, झाला एकदाचा. ती ओळखीचा आवाज ऐकेल, डोळ्यांना पदर लावेल, घेऊन जाईल. कुणालाही काही कळणार नाही, आणि मी दिल्या शब्दाचा पक्का ठरेन. नाहीतर तिला तोंड कसं दाखवणार? जिवाभावाच्या मित्राचा रेडिओ बत्तीस वर्षं पोखरून खाल्ला, आणि त्याचा आवाज माझ्याच फळीवर लावून, त्याच्याच समोर त्याला चहा पाजला, हे सांगायचं? आणि वर सांगायचं की मला आठवत नव्हतं? मी सोल्डरिंग आयर्न तापायला लावलं. राळेचा वास सुटला. तो वास आला की माझे हात आपोआप शहाणे होतात. स्पीकरच्या तारा सोडवायला पक्कड घेतली, आणि हात तिथेच थांबले. तारांना सोल्डर नव्हतंच. दोन तारा नुसत्या एकमेकींभोवती पिळलेल्या होत्या. दोन दिवसांसाठी कशाला सोल्डर वाया घालवायचं, म्हणून पीळ देऊन सोडलेलं माझं एक्याण्णव सालचं काम. शिकाऊ पोरानं असं केलं तर मी त्याला उभं राहू देणार नाही. असा कच्चा जोड महिन्याभरात हलतो, काळा पडतो, आवाज तुटायला लागतो. हा बत्तीस वर्षं टिकला होता. इतक्या बातम्या, इतकी गाणी, सगळी निवडणुकांची भाषणं, भूकंपाची रात्र, सगळं त्या पिळातून गेलं होतं. मी आयुष्यात जे पक्कं म्हणून केलं त्यातलं किती तुटलं! आणि जे दोन दिवसांसाठी केलं ते कुणी हात न लावता धरून बसलं होतं. मी पक्कड खाली ठेवली. आयर्न बंद केलं. माझ्याच्यानं तो पीळ उलगडवला नाही. किती वेळ मी त्याच्याकडे बघत होतो ते ठाऊक नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं हे गालाला गार लागलं तेव्हा समजलं.

साळुबाई चारला पाच कमी असतानाच आली. श्रेयानं तिला गाडीवरून आणलं होतं. श्रेया खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरी करते, तिथली ताटं आभाळाकडे तोंड करून बसलेली असतात, त्यांचं काहीतरी यंत्राचं काम. साळुबाई स्टुलावर बसली, सयाजी बसायचा त्याच. गाळ्यातल्या रिकाम्या होत चाललेल्या फळ्यांवरून तिनं नजर फिरवली. “किती वर्सं बसला इथं, भावजी! आन आता एकदम सगळं?” मी म्हटलं, हो. चहा मागवला. तो येईपर्यंत धीर धरवला नाही. रिकामी पेटी तिच्यासमोर काउंटरवर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. आत काही नाही वहिनी. गँग निरगुडसरला गेली, कॉइल निमगाव साव्याला. ते तरी लिहिलेलं आहे. स्पीकर मी दादांसाठी काढला होता, शेवटच्या दुखण्यात, आणि तो लिहिलासुद्धा नाही. हा समोरचा जो रेडिओ आहे ना, त्यात आहे तो. सयाजी दर बाजारी माझ्यापुढे बसायचा, मी त्याला फसवत होतो. माहीत नसताना फसवत होतो, पण फसवतच होतो. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हतो. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता.

 साळुबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला वाटलं रडते आहे, तर ती हसत होती. “आवं भावजी, त्यास्नी ठावं व्हतं.” मी म्हटलं, काय? “स्पीकरचं. तुमचं वडील आजारी व्हतं तवा हे बघाया आल्तं ना तुमच्या खोलीवर? घरी आलं, जेवलं न्हाई. म्हनलं काय झालं? तर म्हनलं, भागुजीच्या उशाला आपला रेडिओ बोलतोय. त्या पेन्सिलीच्या भोकाची झर्र मी झोपंत बी वळखीन. मी म्हनलं, मग मागून घ्या की. तर माज्यावर अशी नजर टाकली! म्हनलं, इतकी वर्सं त्यो मानूस आपल्या भिंतीभायेर उबा राहून ऐकत व्हता. आता कुठं आवाज आपल्या पायानं त्याच्या घरी गेला. त्यो मी माघारी बोलवू?” चहा आला होता. कुणी हात लावला नाही. “पर मग दर बाजारी रेडिओ आणायला चाललो म्हणून निघायचं आन हात हालवत यायचं. मी चिडायची. म्हणायची, आवं आनला का न्हाई? तर म्हणायचं, ऐकून आलो. मला वाटायचं, थट्टा करत्यात. लई वर्सांनी समजलं मला, भावजी. तुमी दिला असता तर त्यास्नी यायला कारन कुठलं राह्यलं असतं?”

मी त्याला दर वेळी ‘पुढच्या बाजारी’ म्हणत होतो आणि माझ्या मनाला ते टोचत होतं. तो दर वेळी ‘सावकाश कर’ म्हणत होता आणि त्याचा जीव भांड्यात पडत होता. हे अपुरं काम आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवलं होतं, आणि त्यावर एकतीस वर्षं उभी राहिली होती. श्रेयानं विचारलं, “काका, लावू का?” आणि उत्तराची वाट न बघता दादांच्या रेडिओचं बटण फिरवलं. बातम्या लागल्या होत्या. निवेदिकेचा आवाज जरा खाली गेला आणि झर्र आली. साळुबाईनं डोळे मिटले. “ह्योच,” ती म्हणाली. “ह्योच की गं बाई!”  श्रेयानं बँड बदलला, काटा शॉर्टवेव्हच्या अगदी वरच्या टोकाला नेला, जिथे कुठलंच स्टेशन नाही, नुसती खरखर. “काका, ही खरखर आहे ना, हिच्यात थोडी आभाळातून आलेली असते. म्हणजे खरंच. आपल्या आकाशगंगेतून. आम्ही तिकडं एवढी मोठी ताटं लावून तेच तर ऐकतो.” मी त्या पोरीकडे बघत राहिलो. चाळीस वर्षं लोकांनी माझ्याकडे खरखर काढून टाकायलाच रेडिओ आणले होते. मला मोठा सेट बांधायचा होता, जगातलं सगळं धरणारा. आणि दुकानाच्या फळीवर, कच्च्या पिळाच्या जोडावर, पाढ्याचं ठिगळ लावलेल्या स्पीकरमधून आभाळ येऊन बोलत होतं. 

मी म्हटलं, “वहिनी, हा रेडिओ न्या. आवाज तुमचा आहे.” साळुबाईनं मान हलवली. “मी न्यायला न्हाई आले. जाताना त्यांनी सांगितलं व्हतं. म्हनलं, भूषणचं दुकान बंद व्हईल तवा त्याला रेडिओ सापडंल, आन मग त्यो रडत बसंल. तवा तू जा आन सांग.” ती थांबली. काय सांगायचं ते बरोबर त्याच शब्दांत आठवत असावी. “सांग, रेडिओ पोचला म्हनावं.”

आमच्या दुकानात दुरुस्त झालेला रेडिओ गिऱ्हाइकाच्या हातात गेला की त्याची चिठ्ठी सोडून दाराजवळच्या तारेला टोचायची रीत आहे. काम पोचलं की चिठ्ठी तारेला. मी सयाजीच्या पेटीची चिठ्ठी सोडली. मागे गुरुजी, सावळेराम, सोनीबाईंच्या खाली थोडी जागा होती. पेन काढलं. लिहिलं, ‘स्पीकर, भागुजी’. त्याच्यापुढे सवयीनं ‘दोन दिवस’ येणार होतं, तिथे हात थांबवला आणि काहीच लिहिलं नाही. चिठ्ठी साळुबाईच्या हातात दिली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण तिनं ती अशी धरली की जणू सगळं वाचलं. मग उठून तिनंच ती तारेला टोचली. कागद फाटल्याचा बारीक आवाज झाला. बाकीच्या चाळीस चिठ्ठ्या मग मी एकेक करून सोडल्या आणि टोचल्या. एकाही रेडिओबद्दल वाईट वाटलं नाही. ते सगळे आधीच गावोगावी गेले होते. इथे फक्त त्यांची खोकी राहिली होती, आणि मी त्यांना काम समजून राखत बसलो होतो.

भरत पाचच्या ठोक्याला आला. तोवर साळुबाई आणि श्रेया गेल्या होत्या. दादांचा रेडिओ मी पिशवीत घातला, स्वप्नाच्या कपाटासाठी. पीळ तसाच ठेवून. वरच्या फळीवरून मोठा सेट मी स्वतः खाली काढला, फडक्यानं शेवटचा पुसला आणि भरतच्या हातात दिला. त्यानं विचारलं, “ह्ये काय हाय, मिस्तरी?” मी म्हटलं, “काही नाही, राहून गेलं होतं.” मग मी पेट्या द्यायला लागलो आणि तो टेम्पोत ठेवायला लागला. सयाजीची शेवटी दाराशी ठेवली. भरत रोज भंगार उचलणारा माणूस, त्यानं लाकडी पेटी बघून पाय रोवले, कंबर वाकवली, दोन्ही हातांनी जोर लावून उचलली, आणि हात पेटीसकट वर गेले. तो दचकला. “आयला! मिस्तरी, ह्यात तर काहीच न्हाई!”

“हां,” मी म्हटलं. “पोचलं सगळं.”